तरीचं देणं

चॅपलच्या वहीला दोन तोंडं आहेत.
एकीकडून बाप्तिस्मे, उलटी धरली की मयत.
मी, मार्सेल पिंटो, गेली एकवीस वर्षं
दोन्हीकडून लिहीत मधल्या कोऱ्या पानांकडे येतोय.

झिलू कुबल कुठल्याच तोंडाला नाही.

जन्माचा बहिरा. कर्लीच्या खाडीवर त्याची होडी,
देवबागच्या टोकापासून आमच्या वाडीपर्यंत.
त्याला हाक मारून उपयोग नसे.
दिवसा पांढरं फडकं हलवायचं, रात्री कंदील.

दर रविवारी फादर कायताननी फडकं हलवलं,
दर रविवारी तो आला.
पावसात स्वतःचं इरलं काढून
पवित्र भाकरीच्या डब्यावर घालायचा.
आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.
भिजू नये असं काहीतरी, एवढंच.

आणि मिस्सा होईपर्यंत थांबायचा खालीच.
वर आला असता तर होडी चिखलात बसली असती.

आमची घंटा त्याला कळत होती का,
पाण्यातून, फळीतून, तळव्यांत?
असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं.
पण मी विचारलं होतं, बोटांनी.
तो हसला, खाडीकडे हात केला: ओहोटी.
ओहोटीवरून कळायचं त्याला, की आम्ही आता येऊ.

कार्तिकात गेला. वाळूवर जाळला, त्यांच्या रीतीनं.
संध्याकाळी चॅपलच्या पायरीवर आम्ही बसलो
आणि विषय निघालाच.

वेंगुर्ल्याहून आलेले उपदेशक आचरेकर म्हणाले,
विश्वास ऐकण्यानं येतो, असं लिहिलंय.
मग चहा हातातच राहिला त्यांच्या, साय धरेपर्यंत.

फादर कायतान, आता डोळ्यांनी अधू, म्हणाले,
अशांसाठी एक जागा होती, ना दुःख ना दर्शन.
सेमिनरीत शिकवलेली.
हल्ली तिचं नाव कुणी काढत नाही.

नवे फादर ब्राझ म्हणाले,
जो मनातल्या आवाजाला जागला
तो त्याच्याच आवाजाला जागला.
मला पटलं. तरी वाटलं, पुन्हा आवाजच.

आई चूल फुंकत होती. आतूनच म्हणाली,
‘देवान तेका खुणेन सांगल्यान असतला.
तुमका काय त्येचा?’

मी कारकून माणूस. रात्री हिशेबाची वही काढली.
मेणबत्त्या, तेल, चुना, द्राक्षारस.
आणि दर वर्षी एक ओळ: तरीचे पैसे.
समोर, वेगवेगळ्या अक्षरांत, तेच:
घेत नाही.
घेत नाही.
एका वर्षी नुसतीच रेघ.
तीस वर्षं. जाऊन येऊन.
पेन्सिलीनं गुणाकार केला आणि खोडला.

येशू एकदा सीमोनाच्या होडीत बसला,
काठापासून थोडी लोट म्हणाला, आणि शिकवू लागला.
काठावरच्यांना सगळं ऐकू गेलं.
मी सीमोनाचा विचार करतो:
वल्हं धरून होडी जागेवर ठेवणारा,
पाठमोरं बोलणं अर्धं वाऱ्यावर गेलेलं.

आमच्यात होडीवाल्याला तारी म्हणतात.
तारण हा शब्द आम्ही फार दूरचा समजत आलो.

कोण वाचलं, कोण नाही,
हे माझ्या वहीत लिहायचं नसतं.
मला दिसतो तो एक काठ,
बाप्तिस्मे झालेले आम्ही सगळे, चांगल्या कपड्यांत,
पाणी चढतंय, आणि पलीकडे त्याची होडी.

आम्ही हाका मारतोय.
लॅटिनमध्ये, मराठीत, आईच्या मालवणीत.
तो खाली बघून दोर गुंडाळतोय.

मग कुणाला तरी आठवतं,
आणि खिशात रुमाल आहे का ते
आम्ही चाचपू लागतो.